फिन कीलचा ड्राफ्ट कमी करावा की बोटच बदलावी?

प्रश्न : अमेरिकेतील ॲनापोलिसजवळ माझी ३१ फुटी शिडाची बोट आहे. खोल फिन कीलमुळे (बोटीच्या तळाखालचे वजनदार, अरुंद पाते) तिचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखालची खोली, सव्वापाच फूट असल्याने चेसापीक खाडीच्या अनेक फाट्यांत शिरतानाच कील चिखलाला टेकते. कील खालून कापून बल्ब (टोकाशी जड गोळा) बसवावा, की विंग कील (टोकाला आडवे पंख असलेली), जुळी कील किंवा सेंटरबोर्ड (वर उचलता येणारी फळी) असलेली दुसरी बोट पाहावी? समोरून वारा असताना बोट फार बाजूला सरकू नये, एवढीच अट आहे. अनुभवी मंडळींनी कृपया सल्ला द्यावा.

उत्तर : जुळ्या कीलचा विचार सोडून द्यावा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला पाणी पूर्ण ओसरते आणि अशी बोट चिखलावर सरळ उभी राहते, म्हणून तेथे ती सोयीची ठरते. ॲनापोलिसला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम फूटभर असल्याने दोन कीलचा जादा अवरोध तुम्ही विनाकारण सोसाल. १९८३ साली ‘ऑस्ट्रेलिया २’ या नौकेने अमेरिकाज कप ही शिडाच्या नौकांची शर्यत जिंकल्यावर विंग कील गाजली. तिचे पंख कीलच्या टोकाखालून एका बाजूचे पाणी दुसरीकडे वळण्यास अटकाव करतात आणि वजनही खाली ठेवतात, हे खरे. परंतु साधी फिन कील रुतली, तर माणसे बूमवर (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावर) बाहेर बसवून बोट कलंडवता येते आणि ड्राफ्ट कमी होऊन ती सुटते. विंग कीलची बोट कलंडली की खालचा पंख उलट आणखी खोल जातो. चिखलाच्या तळाशी मला हा दोष फार मोठा वाटतो.

नुसती कील कापल्यास वजन घटते, गुरुत्वमध्य वर सरकतो आणि बोट जास्त कलते. त्यामुळे बल्ब हवाच, आणि तो शिशाचा असावा, कारण ओतीव लोखंडाची घनता पाण्याच्या सुमारे ७.२ पट, तर शिशाची ११.३ पट असते. हे गणित नौका-आरेखकाकडूनच करून घ्यावे आणि त्याच वेळी कीलचे बोल्टही तपासावेत. खर्च मोठा असल्याने, मुळातच उथळ बल्ब कीलसह बांधलेली बोट मिळत असेल, तर मी तीच घेईन.

आणखी एक उत्तर : वरील मताशी सहमत आहे. सेंटरबोर्ड वाऱ्याविरुद्ध उत्तम चालतो, मात्र त्याची खाच शिंपल्यांनी भरते आणि उचलण्याची तार नियमित बदलावी लागते. ती देखभाल जमणार असेल, तरच तो पर्याय घ्यावा. कील कापायचे ठरलेच, तर आधी सुकाणूची खोली मोजा. कील तोकडी होऊन सुकाणू सर्वांत खाली राहिले, तर पुढच्या वेळी तळाचा धक्का थेट त्यालाच बसेल.