पेअर करणे, कनेक्ट होणे, पिन लावणे: सगळ्याला 'जोडणे'च म्हणायचं का?

बाबा लालबागला एकटेच असतात, मी भांडुपला. मागच्या महिन्यात त्यांना एक छोटा प्लेअर घेऊन दिला, काडेपेटीएवढा, स्क्रीन नाही, त्यात नाट्यगीतं आणि अभंग भरून दिलेत, आणि सोबत एक पोर्टेबल स्पीकर कारण कानात काही घालून ऐकणं त्यांना अजिबात आवडत नाही. पहिल्या दिवशी मीच दोन्ही ब्लूटूथने, म्हणजे वायरशिवाय, पेअर करून दिले. आठवड्याने सकाळी सहाला फोन, आवाज येत नाहीये. मी म्हटलं बाबा जोडा की परत, तर म्हणाले, अगं तू जोडून दिलंयस ना, मग परत काय जोडायचं? तेव्हा लक्षात आलं की त्यांचं बरोबर आहे, माझा शब्द चुकतोय.

कारण पेअर एकदाच होतं. त्या वेळी दोन्ही वस्तू आपसात एक किल्ली ठरवतात आणि आपापल्याकडे साठवून ठेवतात. कनेक्ट मात्र दर वेळी नव्याने व्हावं लागतं. त्या दिवशी भाचा घरी आलेला, त्याचा फोन आधीच स्पीकर अडवून बसला होता, म्हणून प्लेअरला जागा मिळेना. म्हणजे पेअर शाबूत होतं, कनेक्ट नव्हतं. आणि मी दोन्हीला जोडणे म्हणते. पेअरला 'जुळवणे' म्हणावं का? की आणखी काही?

---

ताई, लॅमिंग्टन रोडला रिपेअरिंगचं काम करतो, आमच्याकडे पेअर हा शब्द गिऱ्हाईक फारसं वापरतच नाही. "ब्लूटूथ लागत नाय" एवढंच सांगतात. लागणे. फोन लागत नाय, तसंच. मला हा शब्द एकदम बरोबर वाटतो, कारण लागणं दर वेळचं असतं, आज लागला उद्या नाय लागला.

दुसरं म्हणजे स्पीकरला मागे ऑक्सचं, म्हणजे वायरने बाहेरचा आवाज आत घ्यायचं, भोक असेल तर सरळ वायर लावून द्या, बाबांना सोपं पडेल. दोन्ही टोकांना साडेतीनची पिन असलेली वायर, दुकानात "मेल टू मेल" मागायची. साडेतीन म्हणजे पिनची जाडी 3.5 मिलिमीटर. पिन नीट बघा, दोन काळ्या रेघा असतील तर तिचे तीन भाग झाले, टोक डाव्या बाजूचा आवाज, मधलं कडं उजव्या बाजूचा, आणि दांडा ग्राउंड, म्हणजे दोन्ही बाजूंची सामाईक तार. तीन रेघा असतील तर चौथा भाग माइकचा. हेडफोनची पिन अर्धवट बसली आणि ग्राउंड सुटलं तर कधी कधी गायकाचा आवाज गायब आणि नुसती वाद्यं वाजतात, लोक घाबरून प्लेअर बिघडला म्हणून घेऊन येतात. 'खट' होईपर्यंत दाबायची बस्स.

आणि प्लेअरचा आवाज पाऊणपर्यंत ठेवा, बाकी कमी-जास्त स्पीकरवर करा. प्लेअर फुल्ल केला तर आवाज फाटतो. फाटतो हा पण आमचाच शब्द, कापडासारखाच फाटतो तो.

---

दादा एक शंका, जॅक आणि पिन एकच ना? आमच्या घरी सगळे जॅकच म्हणतात.

---

मुळात इंग्रजीत जॅक म्हणजे भोक, आत जाते ती प्लग. आपल्याकडे दोघांनाही जॅक म्हणतात, म्हणून आम्ही काउंटरवर पिन आणि भोक असंच बोलतो, घोळ होत नाय. पण पिन म्हटलं की चार्जरवाली पिन पण आली, जुन्या नोकियाची जाड पिन बारीक पिन आठवत असेल. त्यात ॲपलचा तो चिमुकला गाण्यांचा प्लेअर, आयपॉड शफल, दुसऱ्या पिढीपासून त्याला गाणी ऐकायला आणि चार्ज करायला भोक एकच. तिथे "पिन लाव" म्हटलं तर कुठली ते विचारावंच लागतं.

---

मला 'लावणे' याबद्दल बोलायचंय, कारण हे क्रियापद फार श्रीमंत आहे आणि आपण ते सोडून कनेक्ट कनेक्ट करत बसतो. पिन लावतो, गाणं लावतो, रेडिओ लावतो, आणि गाण्याच्या क्लासला गेलेल्यांना माहितीये, तंबोराही लावतो. तिथे लावणे म्हणजे स्वरात आणणे. दोन तंबोरे एकमेकांशी नीट मिळाले की मग "जुळले" म्हणतात. पण ते जुळणंही टिकत नाही, हवा बदलली की तारा उतरतात, परत लावा. म्हणून ताई, एकदाच होणाऱ्या पेअरला जुळवणे मला नाही पटत. आणि 'जोडी लावणे' तर नकोच, तो लग्न जमवणाऱ्यांचा शब्द आहे.

जोडणे मात्र ब्लूटूथच्या नावातच आहे बरं का. दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हाराल्ड, टोपणनाव ब्लूटूथ, त्याने वेगवेगळे प्रांत एका राज्याखाली आणले, तसं वेगवेगळी यंत्रं एकत्र आणणारं तंत्र म्हणून 1990 च्या दशकात हे नाव सुचवलं गेलं. ते चिन्हही त्याच्या नावाची दोन जुनी आद्याक्षरं एकात एक घालून केलंय. त्यामुळे निळा दात वगैरे भाषांतर कुणी करू नये, ते माणसाचं नाव आहे.

---

सगळ्यांचं वाचलं, खूप बरं वाटलं. मला आता वाटतं पेअरला 'ओळख करून देणे' म्हणावं. कारण उलटी क्रिया बघा, फोनच्या सेटिंगमध्ये पेअर काढून टाकायचं तर तिथे लिहिलेलं असतं फर्गेट, म्हणजे विसरा. जे विसरता येतं ती ओळखच की. आणि ओळख एकदाच करून द्यायची असते, भेट मात्र रोज. कनेक्टला दादांचं 'लागणे'.

काल बाबांना फोनवर असंच सांगितलं. बाबा, स्पीकरची आणि प्लेअरची ओळख आहे, ती गेलेली नाही, फक्त भाच्याच्या फोनचं ब्लूटूथ बंद करा आणि प्लेअर बंद करून चालू करा, लागेल आपोआप. फोन चालूच होता, मागे अभंग सुरू झालेला मला ऐकू आला.

ऑक्सला मात्र शब्द हवाय अजून. ऑक्झिलरीचं 'साहाय्यक' होतं, पण साहाय्यक भोक कोण म्हणणार? रविवारी मेल टू मेल वायर घेऊन लालबागला जातेय, तोपर्यंत कुणाला सुचलं तर सांगा.