दोन फुलं, दोघींचं नाव मुसळी. पाटीवर काय लिहू?

टेकडीवरची बाई (मुरबाड)
शाळेमागच्या टेकडीवर मुलं पावसाळी फुलांच्या पाट्या लावताहेत. तेरडा, कवला, कळलावी झटपट झाले, मुसळीपाशी गाडी अडली. एक फूल पिवळं, सहा पाकळ्यांचं, मातीला टेकलेलं. पानं नारळाच्या कोवळ्या रोपासारखी चुण्याचुण्यांची. दुसरं पांढरं, उभ्या दांड्यावर ओळीनं फुलणारं. वाडीतल्या आजी दोन्हींना मुसळीच म्हणतात. त्यांचं नाव मला खोडायचं नाही. पण दोन वेगळ्या झाडांना एकच पाटी लावली तर मुलं शिकणार काय?

रानवाट
ताई, आजींचं बरोबर आहे. पिवळी ती काळी मुसळी, कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस. काळेपणा कंदाच्या सालीचा. मुलांना एक जरूर दाखवा: या फुलाचा बीजांडकोश वर दिसतच नाही, तो खाली पानांच्या बुडाशी मातीत दडलेला असतो. म्हणून फूल खुडू देऊ नका.
पांढरी ती क्लोरोफायटम. इथे खरी गुंतागुंत आहे, कारण त्यातही दोघी मुसळी म्हणवतात. औषधाच्या बाजारातली सफेद मुसळी म्हणजे क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम, आपल्या बोरिवलीच्या नावाची. तिची जाड मुळं थेट बुडख्यातून फुटतात. क्लोरोफायटम ट्यूबरोझमची मुळं बारीक तंतूंसारखी निघतात आणि टोकाला कंद धरतात.

जव्हारकर वहिनी
टोकाला कंद असलेली आमच्याकडे कुली. पाऊस पडला की कोवळ्या पानांच्या जुड्या बाजारात येतात. चिरून, कांदा नि डाळ घालून भाजी करायची. पाटीवर कुलीच लिहा की!

रानवाट
वहिनी, कुली, फोडशी ही नावं सफेद मुसळीच्या पानांनाही चालतात, त्यामुळे नुसत्या पानांवरून ठरवायला नको. ताई, मुळं बघायला उकरू नका. पावसानं ढासळलेल्या बांधावर एखादं रोप उघडं पडलेलं असतं, ते बघा. आणि बोरिव्हिलियानम निघाली तर माझं ऐका, वाटेच्या कडेला पाटी लावूच नका. मुळं विकली जातात, ओरबाडून नेतात लोक.

टेकडीवरची बाई (मुरबाड)
वाटेखालच्या बांधावर रोप सापडलं. मुळांच्या टोकाला कंद लोंबत होते, म्हणजे ट्यूबरोझम. आता एका पाटीवर ‘काळी मुसळी’, दुसरीवर ‘कुली, पांढरी मुसळी’, खाली शास्त्रीय नावं. पण सगळ्या टेकडीवर हीच असेल असं मी धरत नाही, म्हणून पाटी याच एका रोपापाशी राहील.
आजी कळलावीला बचनागही म्हणतात. वैद्यांचा बचनाग हिमालयातला, वेगळाच. दोन्ही विषारी, तेव्हा कळलावीच्या पाटीवर ‘विषारी, हात लावू नये’ हे लाल रंगात आजच लिहून घेते.