मार्क्सचं 'कॅपिटल' तीनदा वाचलं की आपोआप लक्षात राहतं म्हणे!

उंटावरचा शहाणा: काल एकाने लिहिलंय, 'नोट्स म्हणजे टाइमपास, कॅपिटलचा पहिला खंड सलग तीनदा वाचा, आपोआप डोक्यात बसतो, नाही बसला तर तुमचा पिंडच नाही.' डोकंच फिरलं. अहो, पहिल्याच प्रकरणात २० वार लिनन = एक कोट, मग तेच उलटं, मग चहा, कॉफी, लोखंड. तीनदा वाचून ते ओळखीचं वाटायला लागतं, बाकी काही नाही. पुस्तक मिटून उपयोगमूल्य (वस्तू कशाला कामी येते) आणि विनिमयमूल्य (ती कशाच्या किती बदल्यात जाते) यांतला फरक कोऱ्या कागदावर लिहा, तिथंच दातखीळ बसते.

पुणेरी_बोका: तो 'एकजण' मीच. आमच्या अभ्यासिकेत एक होता, चार रंगांची पेनं, वही बघत राहावी अशी, पण गडी पहिल्या प्रकरणाच्या पुढे सरकलाच नाही. पुढचं वाचल्यावरच मागचं उलगडतं राव.

मीनल_ताई: पहिल्यापासून सुरू करायचा हट्ट कशाला? खुद्द मार्क्सने १८६७ मध्ये कुगेलमन या मित्राला कळवलं होतं, तुझ्या बायकोला आधी कामाचा दिवस, यंत्रं, आदिम संचय (भांडवल मुळात जमलं कसं) हे भाग वाचू दे. फ्रेंच मार्क्सवादी अल्थुसरही पहिला भाग आधी बाजूला ठेवा म्हणायचा. मला त्या कामाच्या दिवसाच्या प्रकरणातली मेरी अ‍ॅन वॉकली आजही आठवते, २० वर्षांची पोर, साडेसव्वीस तास सलग शिवणकाम करून १८६३ मध्ये गेली. एक ओळ लिहून घेतली नव्हती मी.

उंटावरचा शहाणा: गोष्टी सगळ्यांनाच आठवतात ओ. वरकड मूल्याचा, म्हणजे मजुरीच्या वर मालकाला मिळणाऱ्या मूल्याचा, दर सांगा बघू.

मीनल_ताई: वरकड मूल्य भागिले चल भांडवल, म्हणजे मजुरीवरचा खर्च. झालं समाधान? मालकाने तिचा दिवस का ताणला हे विचारा स्वतःला, सूत्र पाठ करावं लागत नाही.

जुना_वाचक: ते राहू दे, ग्रंथालयाच्या पुस्तकात हायलायटर मारणाऱ्यांचं काय करायचं ते बोला! परवा आणलेल्या प्रतीत पहिलं प्रकरण पूर्ण पिवळं, समासात 'इंपॉर्टंट!!', आणि पुढची पानं कोरी करकरीत.

पुणेरी_बोका: बघा, नोट्सवाले कुठे दमतात त्याचा पुरावाच 😂

सदाफुली: मला आवडतात बाई रेघा मारलेल्या प्रती, कुणीतरी सोबत वाचतंय असं वाटतं.

जुना_वाचक: मग स्वतःची विकत घ्या आणि रांगोळी काढा त्यावर! लोकांच्या वर्गणीची पुस्तकं आहेत ती.

सदाफुली: पेन्सिलीवर एवढा थयथयाट? बीपीची गोळी घेतली का काका?

जुना_वाचक: पेन्सिल नाही, हायलायटर म्हणालो. वाचलेलं लक्षात राहत नाही ते असं.

पुणेरी_बोका: बरं उंटावरचे, पुस्तक मिटून लिहायचं मान्य. पण तिसऱ्या वाचनानंतरच.

उंटावरचा शहाणा: उपकार झाले. तोवर मी दुसरा खंड संपवतो.