हॉलमधली एलईडी स्ट्रिप रास्पबेरी पायवर चालवायची आहे, सल्ला हवा

खटपट्या:
हॉलच्या पीओपीच्या खाचेत ५ मीटर डब्ल्यूएस२८१२बी स्ट्रिप (प्रत्येक एलईडीचा रंग डेटाच्या वायरवरून वेगळा ठरवता येतो अशी) बसवली, मीटरला ६० एलईडी. घरात रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) आधीपासून आहे, म्हणून डेटाची वायर सरळ पायच्या जीपीआयओ १८ या पिनला जोडली आणि पायथॉनची स्क्रिप्ट लिहिली. निळा, हिरवा झकास. पांढरा लावला की शेवटचा दीड मीटर पिवळट पडतो, शिवाय मधूनच लुकलुक. पॉवर ५ व्होल्ट ३ अँपिअरच्या अ‍ॅडॉप्टरची. गणपतीच्या आत मार्गी लागायला हवं. काय घेऊ?

सोल्डरदादा:
आधी हिशोब करा. पूर्ण पांढऱ्याला एक एलईडी साधारण ६० मिलिअँपिअर खातो. ३०० एलईडी म्हणजे १८ अँपिअर, आणि तुम्ही देताय ३! ५ व्होल्ट २० अँपिअरचा एसएमपीएस (मोठा पॉवर सप्लाय) घ्या आणि स्ट्रिपला दोन्ही टोकांनी पॉवर द्या. स्ट्रिपमधलं तांबं पातळ असतं, लांबवर व्होल्टेज पडतं. लाल कमी व्होल्टेजवरही तग धरतो, निळा आधी मान टाकतो. म्हणून पिवळट.

लुकलुकीचं कारण वेगळं. पायच्या पिनवर ३.३ व्होल्ट, आणि ५ व्होल्टच्या स्ट्रिपला डेटा कळायला किमान ३.५ लागतात. मध्ये ७४एएचसीटी१२५ (३.३ चा सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी चिप) टाका, पाय आणि एसएमपीएसचं ग्राउंड (मायनस) एकत्र करा. एक गंमत सांगतो: अ‍ॅडॉप्टर दमला की स्ट्रिपवरचं व्होल्टेज उतरतं, म्हणून आत्ता ३.३ वर निभावतंय. नुसता एसएमपीएस बदललात तर लुकलुक उलट वाढेल.

रात्रपाळी:
दादांचं सगळं मान्य, पण पायला या कामाला जुंपूच नका. जीपीआयओ १८ चं पीडब्ल्यूएम (स्ट्रिपला डेटाचे ठोके पाठवणारी सोय) आणि हेडफोन जॅकचा आवाज एकमेकांच्या आड येऊ शकतात. मी त्या जॅकवर आरती लावली आणि दिव्यांच्या अंगात आलं!

ईएसपी३२ (वाय-फायवालं छोटं कंट्रोलर बोर्ड) घ्या, त्यावर डब्ल्यूएलईडी हे दिवे चालवणारं सॉफ्टवेअर टाका. होम असिस्टंटला ते नेटवर्कवर आपोआप सापडतं. पाय रीस्टार्ट होत असला तरी दिवे मोबाइलवरून चालतात. करंटची मर्यादाही त्यातच घालता येते. ७४एएचसीटी१२५ मात्र इथेही हवाच, ईएसपीसुद्धा ३.३ चाच.

खटपट्या:
ईएसपी३२ आणला. मर्यादा ८ अँपिअर ठेवली, पॉवर दोन्हीकडून. पिवळेपणा गेला आणि खोलीला उजेडही पुरेसा आहे. आता वाटतंय, १२ व्होल्टची घ्यायला हवी होती का?

सोल्डरदादा:
नवीन घेताना डब्ल्यूएस२८१५ बघा. १२ व्होल्ट असल्याने लांबवर व्होल्टेजच्या घसरणीचा त्रास कमी होतो, आणि एखादा एलईडी मेला तरी दुसऱ्या डेटा लाइनवरून पुढचे चालू राहतात. बसवलेली उखडू नका, पीओपी फुटेल. एसएमपीएस तेवढा मखराच्या कापडामागे कोंबू नका, त्याला हवा लागते. आणि फ्यूज?

खटपट्या:
फ्यूज राहिलाच. उद्या आणतो.