मदत हवी आहे: डेबियन १२ वर ब्रॉडकॉमचं वायफाय, ड्रायव्हर बसतो पण चालू होत नाही

मंडळी,

ताईच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला डेबियन १२ (लिनक्स) टाकलंय, भाचीला पायथन शिकायचंय म्हणून. आवाज, टचपॅड, ब्लूटूथ सगळं ठीक. घोडं अडलंय वायफायपाशी.

कार्ड ब्रॉडकॉम बीसीएम ४३१४२, आयडी १४ई४:४३६५. डेबियन बारापासून फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) अधिकृत आयएसओतच, म्हणजे इन्स्टॉलरच्या फाइलमध्येच, येतं (२०२२ साली डेबियनवाल्यांनी मतदान घेऊन तसं ठरवलं), पण या कार्डाला त्याचा उपयोग शून्य. इथे अख्खा ड्रायव्हरच बंदिस्त (सोर्स खुला नाही), आणि तो डेबियनच्या 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या पॅकेज-विभागामध्ये नाही, 'नॉन-फ्री'मध्ये. म्हणजे नेट चालवायला आधी नेट हवं! मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंगवर भागवलं. कर्नल हेडर्स आणि 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' टाकलं (डीकेएमएस म्हणजे आपल्या कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल बनवणारी सोय), मॉड्यूल बिनतक्रार तयार झालं. पण ते सुरू करायला 'मॉडप्रोब डब्ल्यूएल' म्हटलं की उत्तर येतं:

'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'

सिक्युअर बूट (ओळखीच्या सहीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू आहे, म्हणून अनोळखी सहीचं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. ते बंद करता येईल हो, पण विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारं) आहे आणि रिकव्हरी की कुठे ठेवलीय ते भावजींना आठवत नाही. उद्या विंडोजने ती मागितली तर माझं काही खरं नाही. म्हणून 'मोकयुटिल'ने डीकेएमएसची सहीची की 'मोक.पब' इम्पोर्ट केली, पासवर्ड दिला, रीस्टार्ट केलं. ही की मंजूर करायचा निळा पडदा यायला हवा होता, तर थेट विंडोजच उघडलं.

हा पडदा कसा आणायचा? की सरळ एथरॉसचं कार्ड घालू? त्याच्या 'एटीएच९के' ड्रायव्हरला फर्मवेअर लागत नाही म्हणतात. (डोंगल सुचवू नका, दोनच पोर्ट आहेत आणि त्यातला एक ढिला.)

प्रतिसाद:
तो पडदा शिम (सिक्युअर बूटमध्ये लिनक्सच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) दाखवतं, आणि शिम चालतं डेबियनच्या बूट एंट्रीतून. तुमच्याकडे विंडोज पहिलं असणार, त्यामुळे शिमची पाळीच येत नाही. बायोसच्या बूट मेनूतून 'डेबियन' निवडा. पडदा दिसला की दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबा, नाहीतर तो निघून जातो. मग 'एनरोल मोक'. पासवर्ड अमेरिकी कीबोर्ड धरून टाका.

पण त्याआधी विंडोजमध्ये ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर 'मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:' द्या. रिकव्हरी की तिथेच दिसते, कागदावर उतरवून घ्या. आणि यापुढे विंडोज ग्रबमधून (डेबियनच्या बूट यादीतून) नको, बायोसच्या बूट मेनूतूनच सुरू करा.

कार्डाची घाई नको. काही लॅपटॉपचा बायोस आपल्या यादीबाहेरचं कार्ड घेतच नाही. खाच मिनी पीसीआय एक्सप्रेसची आहे की एम.२ ची, तेही उघडून बघावं लागेल.

धागाकर्ता:
आलं वायफाय! रिकव्हरी की पण मिळाली, भावजींना व्हॉट्सॲप केली. आता राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीत येत नाहीये, त्याला काही करता येईल?

प्रतिसाद:
नाही. ४३१४२ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, विंडोजमध्येही दिसणार नाही.