नेटवर्क नसलेल्या गावच्या कॉलेजात फ्लिप्ड क्लासरूम: तासाचा आराखडा कसा असावा?

झाडीपट्टी_फिजिक्स
नमस्कार. गडचिरोली जिल्ह्यात बी.एस्सी. पहिल्या वर्षाला यांत्रिकी शिकवते. वर्गात ६० जण, तास ४८ मिनिटांचा. निम्मी मुलं एसटीने ये-जा करतात, गावात नेटवर्क धड नाही, घरात एकच फोन. फ्लिप्ड क्लासरूम म्हणजे धडा घरी बघून-वाचून यायचा आणि तासाला प्रश्न सोडवायचे. पण व्हिडिओ आधी पाठवला तर दहा-बारा जण बघून येतात, मग सगळं पुन्हा फळ्यावर घ्यावं लागतं. रोवणीच्या दिवसांत हजेरीही घसरते. अशा ठिकाणी ही पद्धत कशी बसवावी?

यवतमाळ_मास्तर
मॅडम, जमतं. पण ते 'पुन्हा फळ्यावर घेणं' पहिल्या आठवड्यापासूनच बंद हवं. न वाचता गेलं तरी तासाला सगळं सांगतातच, हे कळलं की वाचून येणारे दहा जणही वाचायचं सोडतात.

व्हिडिओवाचून काही अडत नाही. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१मध्ये 'पीअर इन्स्ट्रक्शन' (मुलांनी आपसात चर्चा करून शिकणं) सुरू केलं, त्यात विद्यार्थी छापील मजकूर वाचून येत. फ्लिपसाठी व्हिडिओ करणारे कोलोरॅडोतले शिक्षक बर्गमन आणि सॅम्स, त्यांचे व्हिडिओ २००७चे. तुम्ही दोन पानांची झेरॉक्स द्या: एक संकल्पना, एक आकृती, एक सोडवलेलं उदाहरण, खाली तीन प्रश्न. दोन असे की वाचलं असेल तर येतीलच. तिसरा दरवेळी तोच, 'कुठे अडलं?' उत्तरांची चिठ्ठी सकाळी आल्या आल्या प्रयोगशाळेच्या दाराशी डब्यात. तास तिसरा-चौथा मागून घ्या, म्हणजे मधल्या वेळात चिठ्ठ्या चाळून होतात आणि एसटी उशिरा आली तरी कुणी सुटत नाही.

तासाला पहिली ५ मिनिटं चिठ्ठ्यांत जास्तीत जास्त जण जिथे अडले तेवढ्यावरच. मग तीन प्रश्न, प्रत्येकी १२ मिनिटं. उदाहरणार्थ: बैल बंडीला (बैलगाडीला) जेवढ्या बलाने ओढतो तेवढ्याच बलाने बंडी बैलाला मागे ओढते, मग बंडी थांबलेली असताना चालू कशी होते? (अ) बैलाचं बल थोडं जास्त असतं. (ब) ही दोन बलं एकाच वस्तूवर नसतात. (क) प्रतिक्रिया जरा उशिरा येते. (ड) बैल वजनदार असतो म्हणून. बरेच जण 'अ' धरतात, म्हणूनच प्रश्न कामाचा. पर्यायांची लांबी सारखी ठेवा, नाहीतर सगळ्यात लांब पर्याय बरोबर हे मुलं ताडतात.

दीड-दोन मिनिटं प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, अजिबात बोलणं नाही. मग सगळ्यांनी एकदम आपल्या उत्तराचं अ-ब-क-ड कार्ड दाखवायचं. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांच्या खाली असतील तर चर्चा लावू नका, चुकीचंच पक्कं होतं. एक इशारा देऊन पुन्हा विचारा. ७० टक्क्यांच्या वर असतील तर मिनिटभर समजावून पुढे चला. मधल्या पट्ट्यात खरी मजा आहे: ज्याचं उत्तर वेगळं त्याच्याशी ३ मिनिटं वाद, मग पुन्हा कार्ड. शेवटी 'अ' का चुकला हेही सांगा. बंडीचं बघायचं तर बैलाची ओढ आणि चाकांचा विरोध एवढंच मोजायचं. बैलाचं बघायचं तर खुरांना जमीन पुढे ढकलते ते.

वर्धा_केमिस्ट्री
कार्डासाठी ए-४ कागद दोनदा दुमडा, चारही भागांवर अ-ब-क-ड ठळक लिहा. छातीशी धरायचं, शेजाऱ्याला दिसलं की मत फिरतं.

व्हिडिओ द्यायचाच असेल तर ६ मिनिटांच्या आत, एका व्हिडिओत एकच मुद्दा. ३६०पी ठेवला तर साधारण १५ ते २० एमबीत बसतो. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून टाकला की फळ्यावरची अक्षरं फुटतात, 'डॉक्युमेंट' म्हणून टाका. कॉलेजातच क्विक शेअरने (अँड्रॉइड फोनमधली फाइल पाठवायची सोय) फोनवरून फोनवर द्या, त्याला नेट लागत नाही.

सिद्धता मात्र घरी पाठवू नका. पायऱ्या कापून पट्ट्या करा, चौघांना एक पाकीट, क्रम लावायला १० मिनिटं. एक पट्टी मुद्दाम चुकीची घाला.

झाडीपट्टी_फिजिक्स
आभार सर. पण जे न वाचता येतील त्यांचं काय? आणि चिठ्ठीला गुण द्यावेत का?

यवतमाळ_मास्तर
अंतर्गत मूल्यमापनात थोडे गुण ठेवा, पण प्रयत्नाला. बरोबर उत्तराला ठेवले तर एकाची चिठ्ठी सगळे उतरवतात. न वाचलेल्यांना मागच्या बाकावर ७-८ मिनिटं तीच पानं वाचायला बसवा, मग गटात घ्या. बाहेर काढू नका, एसटीचा पास काढून आलेलं पोर दुसऱ्या दिवशी येतच नाही.

रोवणीत आणि पुढे धान कापणीत घरी वाचन होणार नाही हे धरूनच चला. त्या आठवड्यांत वाचन वर्गातच: १२ मिनिटं वाचन, पुढे तीनऐवजी दोनच प्रश्न. आणि आठवड्याचे सगळे तास फ्लिप करू नका. चारांतला एक पुरे, तोही जिथे मुलं हमखास चुकतात अशा धड्याचा.

वर्धा_केमिस्ट्री
प्राचार्यांना आकडा लागला तर २०१४चं विज्ञान-अभियांत्रिकी-गणितातल्या २२५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण दाखवा: नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास सुमारे ३४ टक्के, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२. ते निव्वळ फ्लिपचं नाही, वर्गात विद्यार्थी काय करतो त्याचं आहे, हेही सांगा. झेरॉक्सचा खर्च विभागाच्या नावे मंजूर करून घ्या, मुलांकडून घेऊ नका.