कोलेस्टेरॉलची गोळी चालू असतानाच दिवस राहिले, काय करू?

साताऱ्याची लेक:
वय 31. चार वर्षं रोज रात्री ॲटोर्वास्टॅटिन 20 घेते. बाबा 44व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, तेव्हा आम्हा भावंडांची तपासणी झाली. माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 238 निघालं. टाचेच्या वरची शीर जाड झालीय, तीही यामुळेच म्हणाले. परवा टेस्ट केली, दोन रेघा. सातवा आठवडा चालू आहे, म्हणजे इतके दिवस गोळी पोटात गेलीच. खोक्यातल्या कागदावर गरोदरपणी घेऊ नये असं लिहिलंय. कालपासून घास उतरत नाही. बाळाला काही झालं असेल का?

नाशिकची आई:
आधी दोन घास खा गं. मीही यातून गेलेय, आमच्याकडेही हा जास्त कोलेस्टेरॉलचा आजार आनुवंशिकच. रोसुवास्टॅटिन, तुझ्या गोळीच्याच जातीची, सहाव्या आठवड्यापर्यंत घेत होते. माझी मुलगी आता चार वर्षांची आहे.

आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे गर्भ राहून तुला पाचवाच आठवडा चालू आहे. गोळी थांबव आणि आजच डॉक्टरांना कळव. 2021 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, या गोळ्यांवरची गरोदरपणातली सरसकट बंदी काढायला सांगितलं. बहुतेकींनी दिवस राहिल्याचं कळताच गोळी बंद करावी, पण नकळत घेतली गेली असेल तर बाळाला इजा होण्याची शक्यता कमी, असं त्यांचं म्हणणं. नुसत्या या भीतीने गर्भ पाडायचा विचार मनात आणू नकोस. ज्यांना आधी अटॅक येऊन गेलाय, त्यांचा निर्णय डॉक्टर वेगळा घेतात.

पुढे रिपोर्ट बघून घाबरशील, म्हणून आत्ताच सांगते. गरोदरपणात कोलेस्टेरॉल सगळ्यांचंच वाढतं. माझं एलडीएल आठव्या महिन्यात 300च्या वर गेलं होतं. आणि अंगावर पाजत असतानाही ही गोळी घ्यायची नसते. मी नऊ महिने पाजलं, मग सुरू केली. बाळंतपणात आई डिंकाचे लाडू तुपात थबथबून करायची. रडले तिच्यासमोर, तेव्हा कुठे तिने तूप कमी केलं.

औषधवाला, कोल्हापूर:
ताई, 'नैसर्गिक' म्हणून रेड यीस्ट राइसच्या कॅप्सूल मात्र घेऊ नका. त्यातलं मोनाकोलिन के म्हणजे लोव्हास्टॅटिनच, तुमच्या गोळीच्याच जातीचं औषध. गरजच पडली तर डॉक्टर कोलेस्टिरामाइनची पावडर देतात. ती आतड्यातून रक्तात जात नाही, पण जीवनसत्त्वं शोषू देत नाही. फॉलिक ॲसिडची गोळी तिच्या निदान तासभर आधी घ्या, नाहीतर चार ते सहा तासांनी.

साताऱ्याची लेक:
मॅडमना फोन झाला. गोळी बंद, फॉलिक ॲसिड चालू, सोमवारी सोनोग्राफी. बाळाला हा आजार येईल का, हे विचारायचं राहिलं.

नाशिकची आई:
एका पालकाकडून येण्याची शक्यता निम्मी असते. माझ्या मुलीचं रक्त तिसऱ्या वर्षी तपासलं, तिच्यातही आहे. लवकर कळलं म्हणून तिच्या आजोबांसारखं अचानक काही होणार नाही, याच्याच मागे आहे मी. सोमवारी काय झालं ते कळव.

साताऱ्याची लेक:
कळवते. आत्ता वरणभात खाल्ला.